एका उंदरासाठी आणि एका गोगलगायीसाठी: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

वाघ-बिबट्यांबद्दल आपल्याला रोज कोणी ना कोणी लिहीत असेल. मी लिहितोय ते एका उंदराबद्दल आणि एका गोगलगायीबद्दल. दोघेही सह्याद्रीतले, दोघेही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, नामशेष होण्याचा धोका असलेल्या जीवांत.

उंदीर सिंहगडचा. १९७५ साली शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याचे बारसे केले, मिलार्डिया कोंडाना. हा बिळात राहतो, रात्री बाहेर पडतो, झुडपांच्या आडोशाने जगतो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर सरसकट पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत टाकलेले होते. कणगीतले धान्य फस्त करणारा आणि हा गडकरी, कायद्याला दोघे एकच! २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, बरे झाले. गडावरची झुडपे मात्र तेवढ्याने वाचत नाहीत.

गोगलगायीचे दुखणे याहून मोठे आहे. तिचे शास्त्रीय नाव क्रेम्नोकॉन्कस सह्याद्रेन्सिस. तिचे बाकीचे बहुतेक भाऊबंद समुद्रकाठी राहतात. ही एकटी शाखा घाटात, धबधब्यांच्या तुषारांत, गोड्या पाण्यावर जगते. पावसात तिला बघायचे तर निथळत्या कातळाला नाक लावून उभे राहावे लागते. बोटाच्या पेराहून लहान शंख, घट्ट चिकटलेला. बराच वेळ तो खडकाचा खवलाच वाटतो. मग तो हळूच सरकतो.

वणवा लागला तर उंदीर निदान पळू पाहील. गोगलगायीला तो ओला कातळ हेच सगळे जग. रस्ता रुंद करायला तिथे सुरुंग लावला, किंवा वरचा ओहोळ पाइपात घातला, की त्या धबधब्यावरची सगळी वस्ती एका उन्हाळ्यात संपेल. म्हणून माझ्या मते आधी तिच्याकडे धावायला हवे.

वाट आपल्याच सरकारने घालून दिली आहे. २०२१ मध्ये आंबोलीत शिस्टुरा हिरण्यकेशी या चिमुकल्या माशासाठी जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाले, जेमतेम २.११ हेक्टरचे. जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खाली या गोगलगायीच्या कातळांनाही तसेच संरक्षण द्या. सिंहगडावर नवे काम मंजूर करण्याआधी उंदरांच्या बिळांची पाहणी सक्तीची करा.

आणि पाहणीची माणसे पावसाळ्यातच पाठवा. कातळ सुकल्यावर गोगलगाय शोधणे फार अवघड.

आपला,
सह्याद्रीत भटकणारा एक नागरिक