प्रसूतीसाठी पावसाळ्याचा नकाशा वेगळा हवा

संपादक महोदय,
आरोग्य केंद्राभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढायचे आणि आतली सगळी गावे ‘सोय आहे’ म्हणून हिरवी रंगवायची, ही पद्धत गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडसारख्या तालुक्यात गरोदर बाईच्या काही उपयोगाची नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्ली–भामरागड रस्ता बंद होतो. वर्तुळ मात्र नदी ओलांडून हिरवेच राहते. आदिवासी भागात 3000 लोकांमागे उपकेंद्र आणि 20000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकषही माणसे मोजतो, नाले मोजत नाही.

मोजायची असते वेळ. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांत जीव जाऊ शकतो. दवाखान्यापर्यंतचा वेळ काढणारे जागतिक आरोग्य संघटनेचे ‘अ‍ॅक्सेसमॉड’, नकाशे बनवण्याची ‘क्यूजीआयएस’ ही संगणक प्रणाली आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते, सगळे फुकट मिळते. घोळ होतो तो माहिती भरताना. अक्षांश 19 अंश 25 मिनिटे म्हणजे 19.417 अंश, कुणी 19.25 टाइप केले की रुग्णालय साडेअठरा किलोमीटर दक्षिणेला सरकते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर भामरागड थेट उत्तर ध्रुवाकडे जाते, पण ती चूक निदान लगेच दिसते तरी!

गावाचा बिंदू म्हणून हद्दीचा मध्य धरला की तो बहुधा जंगलात पडतो, आणि टोला, म्हणजे प्रत्यक्ष वस्ती, असतो नाल्यापलीकडे. आशाताईंनी टोल्यावर उभे राहून, फोनवरची अचूकता 10 मीटरच्या आत आल्यावर बिंदू घ्यावा. नदीची खोच आणखी वेगळी. संगणक नकाशाच्या चौकटी पाडतो. तिरप्या नदीच्या चौकटी फक्त कोपऱ्यांना चिकटतात आणि तेवढ्या फटीतून तो पलीकडे वाट काढतो. म्हणून नदीची रेघ जिला जिला शिवते ती प्रत्येक चौकट बंद करावी आणि वाट फक्त पुलांवर मोकळी ठेवावी. पावसाळ्याच्या नकाशात पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूलही बंद करून हिशेब पुन्हा चालवावा.

रुग्णवाहिकेचा प्रवास एकेरी धरणे ही नेहमीची चूक. गाडी रुग्णालयातूनच निघत असेल आणि गाव 40 मिनिटांवर असेल, तर जाणे 40, बाईला गाडीत घेणे 10, परतणे 40, असे दीड तास होतात. शिवाय टोल्यापासून रस्त्यापर्यंत खाटेवरून आणायचे, तिथे ताशी दोन किलोमीटरहून जास्त वेग धरू नये.

आणि कोणते रुग्णालय धरायचे? पाटी आहे ते नव्हे. सर्वंकष तातडीच्या प्रसूतीसेवेत नऊ कामे मोजतात; सिझेरियन आणि रक्त देणे ही त्यातली शेवटची दोन. गेल्या तीन महिन्यांत ती तिथे प्रत्यक्ष झाली का, हे नोंदवहीत पाहावे. भूलतज्ज्ञाची बदली झालेली असेल तर ते केंद्र सिझेरियनच्या नकाशातून काढावे, साध्या बाळंतपणाच्या नकाशात राहू द्यावे.

आरोग्य विभागाने कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा असे दोन्ही नकाशे दरवर्षी मेअखेर तयार ठेवावेत. पावसाळ्याच्या नकाशात दोन तासांपलीकडे पडणाऱ्या टोल्यांची यादी आशाताईंच्या हाती द्यावी, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायांना पूर येण्याआधीच माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ राहण्याच्या सोयीत, आणता येईल. मात्र ते माहेरघर नदीच्या कोणत्या काठाला आहे, हेही त्याच नकाशावर तपासून घ्यावे.

– नकाशांकनाचे काम करणारे दोन वाचक, चंद्रपूर