बॅटरी वापरून नाही, उभी राहून मरते

माननीय संपादक, स.न.वि.वि.

नोकरीची बरीच वर्षं मी टेलिफोन केंद्राच्या बॅटरी खोलीत काढली. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, मिळून ४८ व्होल्टची बँक. हायड्रोमीटर घेऊन एकेका सेलच्या आम्लाची घनता नोंदवहीत लिहायची, हे माझं काम. त्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं टिकत, कारण त्या कधी उपाशी राहत नसत. चार्जर अहोरात्र जोडलेला असे आणि जितकं झिरपून जाई तितकंच परत भरलं जाई. याला आम्ही 'फ्लोट' म्हणायचो.

असं असूनही निवृत्तीनंतर माझ्याच गाडीच्या दोन बॅटऱ्या पाठोपाठ गेल्या. गाडी महिना महिना हलत नाही. पहिली गेली तेव्हा माल खराब असेल, असं समजून मी नवी घेतली. दुसरी बसली तेव्हा मात्र मीटर लावला. गाडी बंद, किल्ली हातात, तरी घड्याळ, अलार्म आणि कुलपाची यंत्रणा मिळून २५ मिलिअँपिअर खात होती. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिवसाला ०.६ अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं माप) म्हणजे चाळीस दिवसांत २४. माझी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची! शिवाय बॅटरी आपली आपणही उतरत असते, उष्णतेत जास्तच. अशी अर्धी रिकामी बॅटरी पडून राहिली, की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही.

पुस्तकाएवढं सौर पॅनेल हे थांबवू शकतं, आणि म्हणूनच हे पत्र. मात्र डॅशबोर्डवर ठेवून लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची जी दीड-दोन वॅटची पॅनेलं मिळतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. कितीतरी गाड्यांत किल्ली काढली की ते सॉकेटच बंद होतं. पॅनेलवरचा दिवा लुकलुकतो, बॅटरीला काहीच पोचत नाही. सॉकेट चालू असलं तरी काचेआडून एवढंसं पॅनेल माझ्या गाडीची रोजची गळतीही भरून काढणार नाही.

मी १० वॅटचं लावलं. कडक उन्हात ते साधारण अर्धा अँपिअर देतं. चार तासांचे दोन अँपिअर-तास. धूळ, तिरपं ऊन, ढग यांत निम्मे गेले तरी एक उरतो, आणि गरज ०.६ची. सावलीची एक पट्टी पडली तरी प्रवाह कोसळतो, कारण पॅनेलमधले सगळे सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून जागा बघून ठेवावं.

एक चूक मी केली, ती इतरांनी करू नये. सुरुवातीला पॅनेल थेट बॅटरीला जोडलं होतं. बारा व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल कशालाही न जोडता मोकळं असताना उन्हात २१-२२ व्होल्ट दाखवतं. काही आठवडे लख्ख ऊन पडलं, टर्मिनलवर १५ व्होल्ट दिसले आणि सेलमधलं पाणी पार खाली गेलं. मधे चार्ज कंट्रोलर हवाच. बॅटरी भरली की तो साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतो आणि रात्री प्रवाह उलटा पॅनेलमध्ये जाऊ देत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट क्रम. धन टर्मिनलजवळ फ्यूज. बॅटरी लिथियमची असेल तर कंट्रोलरही त्याच जातीचा घ्यावा.

१९५८ साली व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर दोन ट्रान्समीटर होते. बॅटरीवरचा जूनमध्येच गप्प झाला. सहा सौर सेलांवरचा १९६४पर्यंत बोलत होता. बॅटरी खोलीत असताना हे वाचलं, ते डोक्यात राहून गेलं होतं.

बॅटरी विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. नवी देण्याआधी ग्राहकाला 'गाडी किती दिवस उभी असते?' एवढं विचारा. मला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. माझी तिसरी बॅटरी आता पाचव्या वर्षात आहे. परवा रात्रभर पॅनेल काढून ठेवलं आणि सकाळी मोजलं: १२.७ व्होल्ट.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ