चौथ्या महिन्याबद्दल कुणीच का छापत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून बिफोर-आफ्टर फोटो येतात, अमुक महिन्यांत वीस किलो वजन उतरवलं वगैरे, आणि कधीकधी त्याच पानावर खाली ‘महिन्यात १० किलो, डाएट नाही, व्यायाम नाही’ अशी जाहिरातीची चौकट असते. या दोन्हीबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, आज लिहितेच.

मी दादरला राहते, सकाळी शिवाजी पार्कला फिरायला जाते. जानेवारीत कट्ट्याच्या बाजूने चालायला जागा नसते, नवे बूट, नवी स्मार्टवॉच, जोरात गप्पा, आणि होळी आली की परत आम्ही नेहमीचेच. गेले कुठे सगळे? आळशी म्हणून गेले असं लोक म्हणतात, मला नाही पटत. विचारलं की बहुतेकांची गोष्ट एकच असते, सुरुवातीला मस्त उतरलं हो, मग काटा जो अडकला तो हललाच नाही, म्हटलं माझ्या बॉडीला हे सूटच होत नाही, दिलं सोडून.

आता ते सुरुवातीचं ‘मस्त उतरलं’ म्हणजे काय ते कुणी नीट सांगतच नाही. भात-पोळी-साखर कमी केली की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरतं, ग्लायकोजेन म्हणतात तिला, आणि तिच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साखर गेली की ते पाणीही जातं. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात जे दोन-तीन किलो गेले म्हणून पेढे वाटायचे बाकी राहतात त्यातलं बरंचसं पाणी असतं. चरबीचा हिशोब वेगळा आहे आणि फार रटाळ आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. तुम्ही रोज प्रामाणिकपणे ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तरी दिवसाला ६५ ग्रॅम जाणार, आठवड्याला अर्धा किलोच्या आत. आणि आपलं वजन नुसत्या पाण्याने दिवसभरात किलो-दीड किलो वरखाली होतं! रात्री पापड-लोणचं-फरसाण झालं, सकाळी काटा वर. पाळीच्या आधीचा आठवडा, वर. पोट साफ नाही, वर. नवीन व्यायाम चालू केला, स्नायू दुखतायत, तिथे पाणी धरलं, परत वर. यात ते रोजचे ६५ ग्रॅम दिसणार कुठे? चरबी जातेय पण काट्यावर काही उमटत नाही, असे दोन-तीन आठवडे सहज जाऊ शकतात.

पूर्वी दादर स्टेशनवर रंगीत दिव्यांची वजनाची मशीन असायची, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य तरी गोड असायचं. आणि मुख्य म्हणजे माणूस कधीतरी गाडी लेट असली तरच त्यावर चढायचा. आता काटा बाथरूममध्ये आलाय, लोक सकाळी एकदा, जेवून एकदा, रात्री झोपताना एकदा बघतात आणि दिवसभर तोंड पाडून बसतात. रोज बघायचंच असेल तर सकाळी एकदाच बघा आणि आठवड्याची सरासरी काढा, महिन्याची महिन्याशी तुलना करा. शिवणकामाची टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडच्या डॉक्टरांचं माप पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० असं आहे, त्याच्या किती वर आहोत ते कळतं. आणि टेप नसली तरी परकराची नाडी कितीवर बांधतोय ते आपल्याला ठाऊक असतंच की.

काटा अडकण्याचं दुसरं एक कारण खरंच शरीराचं आहे. ८० किलोचा माणूस ७२ वर आला की पार्काच्या तेवढ्याच फेऱ्यांना त्याला साधारण दहा टक्के कमी ऊर्जा लागते, ओझंच कमी झालं ना. वर शरीर आपणहून थोडं काटकसरीने चालायला लागतं, नकळत हालचाल कमी होते, भूक वाढते. त्यामुळे पहिल्या महिन्यात जे ताट पुरत होतं ते चौथ्या महिन्यात थोडं जास्तच होतं. तेव्हा थोडं चालणं वाढवा, डाळ-उसळ-अंडं वाढवा, आणि ‘उपास आहे’ म्हणून बशीभर साबुदाण्याची खिचडी मोजायची राहतेय का तेही बघा (आमच्या ग्रुपमध्ये हा विषय काढला की सगळ्या माझ्यावर तुटून पडतात). पण म्हणून एक वेळचं जेवण बंद, नुसत्या काकडीवर दिवस, असलं करू नये. अशाने वजन झटकन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनांची चर्चा आहे. २०२५ मध्ये ती आपल्याकडे अधिकृतपणे आली, कुणाला द्यायची ते डॉक्टरांनी ठरवावं, माझा विरोध नाही. पण काटा अडकला म्हणून वैतागून ओळखीच्या केमिस्टकडून आणणारे लोक आहेत, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की त्यातही साधारण वर्ष-सव्वा वर्षाने वजन थांबतंच. आणि त्यातल्याच सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्यातलं सरासरी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे थांबा तिथेही आहेच.

अर्थात सगळं पाण्यावर ढकलायचं नाही. दीड-दोन महिने काटा आणि टेप दोन्ही ढिम्म असतील तर डॉक्टरकडे जावं, थायरॉइड, पीसीओडी, किंवा चालू असलेलं स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या यांनी फरक पडतो. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत हे वेगळं सांगायला नको.

आता त्या जाहिरातीच्या चौकटीकडे येते. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि औषधाने अमुक आजार बरा करतो अशी जाहिरात करायला ज्यांच्या बाबतीत बंदी आहे त्या यादीत लठ्ठपणा आहे. मग पावडरी आणि काढ्यांच्या असल्या जाहिराती घेताना तुमच्या जाहिरात विभागात ही यादी कुणी उघडून बघतं का, याचं उत्तर याच सदरात छापलंत तर बरं होईल. आणि पुरवणीतल्या गोष्टींबद्दल एक विनंती, फोटो खुशाल छापा, पण त्या माणसाला एवढं विचारा की मध्ये वजन किती आठवडे अडकलं होतं आणि तेव्हा तो काय जेवत होता. ते छापा. जानेवारीच्या अंकात नको, फेब्रुवारीच्या शेवटी छापा, तेव्हा ते वाचायची खरी गरज असते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
दादर, मुंबई