‘मी आलो’ की ‘मी आले’?

संपादक महोदय,

रंकाळ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद रंगला: ‘मी’ म्हणजे नेमकं कोण? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्येच लिहून ठेवलंय की, आत डोकावलं तर ऊब-गारवा, प्रेम-द्वेष सापडतात; ‘मी’ काही सापडत नाही. मला मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स जास्त पटतो. १८९० मध्ये त्याने म्हटलं, माणसाला ओळखणारे जितके, तितके त्याचे सामाजिक ‘मी’. पुरावा आमच्या घरातच आहे. आई अस्सल कोल्हापुरी बायकांसारखं ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणते. पुण्याच्या विहिणीचा फोन आला की लगेच ‘आले’, ‘जेवले’! यातली खरी कोणती, असं तिलाच विचारलं. म्हणाली, “भाकरी थापू दे की आधी!”

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर