बाटली धुऊ नका, असं सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फौजी पाण्याच्या बाटल्या जमवणाऱ्या आम्हा चार-पाच जणांकडून हे जाहीर आभारपत्र. नाव घालायचं नाही ही तुमचीच अट, ती पाळतोय.

ब्रिटिश काळातली निळी इनॅमलची, म्हणजे लोखंडावर काचेसारखा मुलामा चढवलेली बाटली म्हणजे सगळ्या सारख्याच, असं आम्ही धरून चाललो होतो. दोन पाइंटांची, म्हणजे साधारण 1.1 लिटरची. 1908 च्या नमुन्याच्या पट्ट्यांबरोबर (सैनिकाच्या अंगावर सामान अडकवायचे ते) हीच घडण होती आणि 1937 च्या पट्ट्यांबरोबरही जवळपास तशीच राहिली. त्यामुळे काळ ठरवायचा तर आधी बाटली अडकवायचे पट्टे पाहायचे, हे तुम्ही दाखवलंत. शिक्क्यात बाणासोबत (ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण) ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. पट्ट्यावरचं साल आणि बाटलीवरचं साल जुळलं नाही, तर लगेच नकली म्हणायचं नाही. स्टोअरमध्ये एकाचे पट्टे दुसऱ्याला लागतच.

सगळ्यात मोठं नुकसान टळलं ते धुण्याचं. वरचं आवरण लोकरीच्या नमद्याचं. पाण्यात घातलं की आटतं, शिवण उसवते, शाईचा शिक्का जातो. शिवाय ओला नमदा लोखंडाला चिकटून राहतो आणि टवका उडालेल्या जागी आतून गंज धरतो. (सैनिक तो मुद्दाम भिजवत, माठासारखं पाणी गार राहावं म्हणून. पण त्यांना बाटली ऐंशी वर्षं टिकवायची नव्हती.) चिंच-लिंबूही नको, आंबट पाणी टवक्याच्या कडेखाली शिरून लोखंड खातं. कोरडा मऊ ब्रश, एवढंच.

नमद्याला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली असेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. बूच कायम काढून, दोरीला लोंबतं ठेवायचं. आत कोंडलेली ओल बाटलीचा घात करते.

ही रचना का बदलली, हेही तुमच्यामुळेच नीट उमगलं. इनॅमलची बाटली जड, आपटली की टवके उडणार, बूच सुकून आकसलं की गळणार. अमेरिकेची 1910 ची ॲल्युमिनियमची बाटली मात्र साखळीच्या फिरकी झाकणाची आणि खालून मगात बसणारी. तो मग चुलीवर ठेवता येतो. जंगलातल्या लढाईसाठी ब्रिटिशांनी 1944 च्या नमुन्यात तोच मार्ग घेतला, आणि 1958 च्या नमुन्यात प्लास्टिक आलं.

आता तुम्ही निवडून ठेवलेल्या तीन बाटल्या पाहायला रविवारी येतो. ब्रश आणतोय, पाणी नाही.

आपले,
जुन्या बाजारातले बाटलीवाले