हँडीकॅमचे चित्रीकरण संगणकावर उघडत नाही म्हणून ते टाकून देऊ नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

साधारण २००५ ते २०१५ या काळात आपल्याकडच्या अनेक घरांत हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर आला. काहींनी तो येथे विकत घेतला, तर काहींच्या घरी परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी तो येताना आणला. कंपनी कोणतीही असो, त्याला सरसकट हँडीकॅम म्हटले जाई. लग्ने, मुंजी, बारशी, सहस्रचंद्रदर्शनाचे समारंभ, गावच्या जत्रा हे सारे त्यावर चित्रित झाले आणि कपाटात गेले. आज कोणी ते कार्ड किंवा ती टेप बाहेर काढून संगणकावरील एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेऊ पाहतो तेव्हा फाइल ओळखली जात नाही, चित्र दिसते पण आवाज येत नाही, किंवा चित्र अडखळत चालते. मग ‘ते खराब झाले’ असे ठरवून सारे टाकून दिले जाते. माझ्या ओळखीच्या अनेक घरांत असे घडले आहे. बहुतेक वेळा चित्रीकरणाला काहीही झालेले नसते. अडचण असते ती कॅमेरा, संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्या जुळणीत, आणि ती शोधता येते. म्हणून हे पत्र.

आपला कॅमेरा कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी ओळखावे. २००३ मध्ये आलेली एचडीव्ही पद्धत मिनी डीव्ही टेपवर चित्रण करते. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये जाहीर केलेली एव्हीसीएचडी पद्धत मेमरी कार्ड, कॅमेऱ्यातील हार्ड डिस्क किंवा ८ सेंटीमीटरची छोटी डीव्हीडी वापरते. दोहोंच्या अडचणी निराळ्या आणि उपायही निराळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावण्यातच पुष्कळांचा वेळ जातो.

घरोघरी अधिक आढळते ती एव्हीसीएचडी, आणि तिच्याबाबत एक गोष्ट मी सर्वांत वर ठेवीन. कार्डावरील एखादीच फाइल उचलून संगणकावर घेऊ नये, सर्व फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. कार्डात ‘प्रायव्हेट’, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’ आणि त्यात ‘स्ट्रीम’ अशी फोल्डरांची उतरंड असते. चित्रीकरण ‘स्ट्रीम’मधील एमटीएस फाइलींमध्ये असते हे खरे, परंतु कोणता तुकडा कोणाच्या पुढे येतो ही माहिती शेजारच्या लहान फाइलींमध्ये नोंदलेली असते. मॅकवरील आयमूव्ही या संपादन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या तर ही पूर्ण रचना सापडल्याशिवाय चित्रीकरण ओळखतच नाहीत. नव्या मॅकवर हेच फोल्डर एका फाइलसारखे दिसते आणि ‘आत काहीच नाही’ असा गैरसमज होतो.

त्या लहान फाइलींचे महत्त्व लांबलचक चित्रीकरणात कळते. या कार्डांची जुनी फाइल-व्यवस्था ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवू शकत नाही, आणि पुष्कळ कॅमेरे तर २ जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. तासाभराचे कीर्तन किंवा पूर्ण लग्नविधी अशा रीतीने चार-पाच तुकड्यांत विभागला जातो. हे तुकडे टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधील संपादनाच्या पट्टीवर, स्वतंत्रपणे ओळीने लावले तर जोडाच्या जागी आवाज क्षणभर तुटतो, आणि तो नेमका मंगलाष्टकांच्या मध्येही तुटू शकतो. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने आयात केल्यास तुकडे आपोआप सांधले जातात. ते सॉफ्टवेअर आता चालत नसेल, तर एकाच अखंड चित्रणाचे तुकडे क्रमाने एकापुढे एक जोडून सलग एमटीएस फाइल बनवता येते, कारण हा प्रवाह मुळात सलग वाहण्यासाठीच रचलेला आहे.

‘चित्र आहे, आवाज नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. एव्हीसीएचडीमध्ये चित्र एच.२६४ पद्धतीने दाबलेले, म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून आटवलेले असते, तर आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने. काही संपादन सॉफ्टवेअरे एसी-३ वाचण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवतात. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने स्थापना केलेल्या संगणकांत मायक्रोसॉफ्ट हा डीकोडर, म्हणजे एसी-३ आवाज उलगडणारा भाग, देत नाही. त्यामुळे जुन्या संगणकावर व्यवस्थित ऐकू येणारी फाइल नव्या, महागड्या संगणकावर मुकी होते आणि दोष कॅमेऱ्याला किंवा कार्डाला दिला जातो. उपाय असा की चित्राला हात न लावता केवळ आवाज साध्या, न दाबलेल्या पीसीएम स्वरूपात बदलून घ्यावा. एफएफएमपेग या विनामूल्य साधनाने हे होते. चित्राचा प्रवाह जसाच्या तसा नव्या फाइलीत ठेवला जातो, म्हणजे डबा बदलतो पण आतला पदार्थ तोच राहतो, आणि दर्जा रतीभरही घटत नाही. याउलट, इंटरनेटवर दिसेल तो ‘कन्व्हर्टर’ उतरवून सर्व चित्रीकरण पुन्हा दाबून घेणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. त्यात जे बारकावे जातात ते परत मिळत नाहीत.

चित्र अडखळत चालणे हाही चित्रीकरणाचा दोष नव्हे. एच.२६४ उलगडायला संगणकाला पुष्कळ श्रम पडतात. ही पद्धत आली तेव्हाचे घरगुती संगणक त्यापुढे थकत असत, म्हणून त्या वेळच्या आयमूव्हीने आयात करतानाच त्याचे अधिक सुटसुटीत, पण कितीतरी मोठ्या फाइलींत रूपांतर करण्याचा मार्ग स्वीकारला होता. आज जुना संगणक वापरणाऱ्याने प्रॉक्सीची, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रतीची सोय वापरावी. शॉटकट आणि केडीएनलाइव्ह या विनामूल्य सॉफ्टवेअरांतही ती आहे. अंतिम चित्रफीत मूळ फाइलींवरूनच तयार होते.

हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात, याचेही कारण निश्चित आहे. आपल्याकडे विकले गेलेले हे कॅमेरे बहुधा ५०आय पद्धतीने चित्रण करतात. त्यात सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांची, म्हणजे दोन फील्डची असते. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये २५ चौकटी आणि ‘वरची फील्ड आधी’ असे नोंदवावे, आणि डीइंटरलेस, म्हणजे या अर्ध्या भागांच्या अखंड चौकटी, करायचे ते शेवटी, चित्रफीत बाहेर काढताना करावे. अमेरिकेतून आलेला कॅमेरा ६०आय पद्धतीचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला २९.९७ चौकटी असतो. त्याचे चित्रीकरण येथील चित्रीकरणात मिसळले की गती झटके देत असल्यासारखी वाटते, म्हणून ज्या कॅमेऱ्याचे चित्रण अधिक आहे त्याप्रमाणे प्रोजेक्टचा वेग ठरवावा. अशा कॅमेऱ्याने कार्यालयातील ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चित्रणात कधीकधी जी लुकलुक दिसते, ती मात्र आयातीतील चूक नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि कॅमेरा ६० च्या हिशेबाचा, त्यामुळे ती चित्रणातच नोंदली गेलेली असते.

छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ती चकती त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण, केल्याशिवाय संगणक बहुधा ती कोरीच समजतो. शिवाय फटीतून चकती आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती कधीही घालू नये, कारण आत अडकून ड्राइव्ह आणि चकती दोन्ही बिघडू शकतात.

आता टेपविषयी, कारण खरी घाई तेथे आहे. एचडीव्ही टेपवरील चित्रण फायरवायर या, कॅमेरा संगणकाला जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या केबलनेच उतरवावे लागते. अशा कॅमेऱ्यांना असलेल्या यूएसबी जोडणीतून बहुधा केवळ स्थिरचित्रे मिळतात, आणि ‘केबल जोडली तरी व्हिडिओ दिसत नाही’ ही तक्रार बहुतांशी येथूनच उद्भवते. फायरवायर जोडताना कॅमेरा बंद असावा. मेनूमध्ये एचडीव्हीचे डीव्हीत रूपांतर करण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवावा. तो चालू राहिला तर कॅमेरा १४४० × १०८० चे चित्रण साध्या डीव्हीत, म्हणजे हाय डेफिनिशनच्या आधीच्या कमी दर्जात, उतरवून पाठवतो, सॉफ्टवेअर कोणतीही सूचना न देता ते स्वीकारते, आणि चित्र धूसर का हे कोणालाच समजत नाही. तासाची टेप उतरायला तासच लागतो, त्याला जवळची वाट नाही. टेपवर एखाद्या जागी चुंबकीय थर झिजला असेल तर जवळजवळ अर्धा सेकंद चित्र थांबते, कारण या पद्धतीत १२ चौकटींचा गट एकमेकींवर अवलंबून असतो. अशा वेळी कॅमेऱ्याचे हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करून, शक्यतो ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले त्याच कॅमेऱ्यात टेप पुन्हा चालवून पाहावी. कोकणातल्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. ती दिसत असताना टेप कॅमेऱ्यात घातली तर हेडही खराब होते आणि पुढच्या टेपलाही ती लागते.

फायरवायर आता झपाट्याने नाहीसे होत आहे. ॲपलने २०२५ मध्ये आणलेल्या मॅकओएस टाहोमधून त्याचा आधारच काढून टाकला. विंडोजवर जुना ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवून काम चालवावे लागते, आणि नव्या लॅपटॉपना तर ही जोडणी नसतेच. कार्डावरच्या फाइली आणखी काही वर्षांनीही वाचता येतील. टेपच्या बाबतीत चालू कॅमेरा, केबल आणि जुना संगणक या तिन्ही वस्तू एकाच ठिकाणी सुस्थितीत असणे दिवसेंदिवस अवघड होणार आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम करून देणारे काही स्टुडिओ आहेत आणि त्यांतील पुष्कळजण मनापासून काम करतात. परंतु एका नातेवाइकाच्या बाबतीत मी पाहिले की स्टुडिओने पूर्ण लग्नाची साधी डीव्हीडी करून दिली आणि कार्ड कोरे करून परत केले. पूर्ण हाय डेफिनिशन चौकटीत १९२० × १०८० बिंदू असतात, तर साध्या डीव्हीडीच्या चौकटीत ७२० × ५७६. म्हणजे चित्रातील माहितीचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती आला आणि मूळ कायमचे गेले. ग्राहकाला यातले काहीही सांगितले गेले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते. काम देताना वाचकांनी ‘मूळ फाइली पोर्टेबल हार्ड डिस्कवर जशाच्या तशा हव्यात, आणि आम्ही पाहून होकार देईपर्यंत कार्ड कोरे करू नये’ असे लेखी घ्यावे. एव्हीसीएचडीचे एका तासाचे चित्रण दर सेकंदाला १७ मेगाबिटच्या दर्जाने सुमारे साडेसात जीबी होते. आजच्या हार्ड डिस्कांच्या मानाने ही जागा अगदीच किरकोळ आहे, तेव्हा जागेची सबब कोणी मान्य करू नये.

आपल्यामार्फत दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि मोठी सार्वजनिक वाचनालये यांनी फायरवायर असलेला एक तरी जुना संगणक आणि चालू स्थितीतील एक टेप कॅमेरा भंगारात न काढता लोकांच्या उपयोगासाठी राखून ठेवावा. हे काम शिकून घेण्यास उत्सुक विद्यार्थी प्रत्येक गावात मिळतील. दुसरी विनंती आपल्याच वृत्तपत्राला आहे. तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या मोबाइलांची ओळख नियमित येते, त्याच पानावर जुने चित्रीकरण उतरवून घेण्याविषयी वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरे असे मराठी सदर काही महिने चालवावे. मदतीची बहुतेक माहिती आज इंग्रजीतच आहे, आणि हे चित्रीकरण ज्यांच्यापाशी पडून आहे त्यांपैकी अनेक जण वयोवृद्ध आहेत. अशा सदरासाठी माझ्याकडील टिपणे मी आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण