दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी तपासनीस आणि साहित्य हवे

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या माडीवर आज आपली दृष्टिहीन मुले स्वतःची पुस्तके स्वतः वाचतात. पेठेतल्या छापखानेवाल्या काकांनी कटर दिला नसता, तर बांधणी कापून पाने स्कॅनरला लावताच आली नसती. बँकेतून निवृत्त झालेल्या मावशींनी भूगोलाचे अख्खे पुस्तक तपासले, वर नकाशांची अशी नेमकी वर्णने लिहिली की मुले सह्याद्रीतले घाट उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने सांगतात. चौकातल्या गणेश मंडळाने तर मांडवाचा खर्च कमी करून लॅपटॉप दिले. यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण सत्काराला सभागृह भरते आणि तपासणीला तिघेच येतात, हेही एकदा सांगायलाच हवे.

मुले वाचतात ती एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणक-प्रोग्रामच्या मदतीने. 'एनव्हीडीए फुकट आहे, मराठी वाचतो, मग अडलंय कुठं?' असे लोक विचारतात. अडले आहे पुस्तकाशी. क्लासच्या नोट्स जुन्या फॉन्टमध्ये असतात. दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरे, आणि संगणक तीच बडबडतो. छापील पान ३०० डीपीआयला स्कॅन करून ओसीआर केले (म्हणजे संगणकाकडून चित्रातली अक्षरे ओळखून घेतली), तरी रफार उडतो, 'भ'चा 'म' होतो. 'धन संख्या'ची 'घन संख्या' झाली तर स्पेलचेकही पकडत नाही. दोन्ही शब्द गणितातलेच! ते मूळ पानाशी ताडून पाहणारे डोळेच हवेत. शिवाय धड्यांच्या नावांना हेडिंग स्टाइल, म्हणजे मथळ्याची खूण, लावावी लागते, नाहीतर 'एच' दाबून पुढच्या धड्यावर जाता येत नाही.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. दिवाळीपर्यंत पुस्तके तयार हवीत.

हवे ते असे: तपासनीस १० (घरूनही चालेल, युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारे मराठी, टाइप करता यावे), वायरचे हेडफोन १२ (ब्लूटूथ नको, वाक्याचा पहिला शब्द गिळतो), चालू लॅपटॉप ४, किमान ४ जीबी रॅम, स्क्रीनला तडा चालेल, पण कीबोर्ड पूर्ण हवा, पाठ्यपुस्तकांची कापायला एकेक प्रत. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची अशी संगणकी प्रत करणे कायदेशीर आहे, बाहेर फिरवू मात्र नये. धनादेश वाचनालयाच्या नावे, पावती जागेवर. शनिवारी ४ ते ७, माडीवर.

आपला,
चिटणीस

ता. क. जुने डबा-मॉनिटर कृपया आणू नयेत. मागचेच अजून जिन्याखाली आहेत.